बारीक रेघेचा हट्ट

देवनागरीत ‘मामा’ आणि ‘मामी’ यांच्यातला फरक एका कमानीचा असतो. दांडी दोघांनाही तीच. मामीच्या दांडीवरून एक कमान मागे वळते आणि शिरोरेघेला टेकते. ती पुसली की मामीचा मामा होतो, काकीचा काका होतो, आणि आमच्या वऱ्हाडात आजोबाला आजा म्हणतात, म्हणून आजीचा आजा होतो. हे मला पहिलीच्या वर्गापासून माहीत होतं. तरीही एका लग्नाच्या पत्रिकेत मी हे सगळं होऊ दिलं, आणि झाल्यावर जे करायला नको होतं तेही केलं. ते लिहून काढायचं बरीच वर्षं मनात आहे.

मी रिसोड तालुक्यातल्या केनवडचा. गावात माझं डीटीपीचं दुकान होतं. पीकविम्याचे अर्ज, शाळेची प्रमाणपत्रं, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स अशी कामं वर्षभर चालायची. सोयाबीन विकून घरात पैसा आला, तुळशीचं लग्न लागलं, की पत्रिकांचा हंगाम सुरू व्हायचा. दुकानाचं भाडं त्याच हंगामावर निघायचं. आमच्याकडे पत्रिकेला फार मान. पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, तिला हळदीकुंकवाची बोटं लावतात, गावोगाव हातोहात नेऊन देतात. ज्या भाऊबंदाचं नाव छापायचं राहिलं तो पुढे कित्येक वर्षं दारात येत नाही. एवढं वजन असलेला कागद मी माझ्या हौसेसाठी वापरला.

हौस अक्षरांची. पुण्यात शिकत होतो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या पथारीवर ‘वोग’ मासिकाचे अंक मिळायचे. माझं इंग्रजी बेताचं, लेख वाचून व्हायचे नाहीत, पण अंक मी घ्यायचो ते त्यातल्या शीर्षकांसाठी. उभी रेघ भक्कम, काळीभोर. आडवी इतकी बारीक की कागदात विरून जाईल असं वाटावं. टोकाला तशीच बारीक, सपाट पट्टी. पानावर बाकी काही नाही, आजूबाजूला भरपूर कोरी जागा, आणि मध्ये ते एकच वाक्य उभं. मी ते पान तासन् तास बघत बसायचो. त्या अक्षरांना कुठलाही दागिना नव्हता. जाड आणि बारीक या दोनच गोष्टींच्या जोरावर ती देखणी होती.

पुढे त्यांची कुळकथा शोधली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही अक्षरं घडली, पॅरिसला दीदो घराण्याच्या छापखान्यात आणि इटलीत पार्मा इथे जांबातिस्ता बोदोनीच्या हातून. बोदोनी १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख झाला आणि जन्मभर ठसे कोरत राहिला. १८१३ मध्ये तो वारला. त्याच्या अक्षरांचा नमुनाग्रंथ त्याच्या बायकोने १८१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वळणांना पुढे फॅशनच्या मासिकांनी आणि अत्तरं, घड्याळं, दागिने विकणाऱ्यांनी आपलंसं केलं, आणि ती श्रीमंतीची खूण होऊन बसली. मला त्यातली श्रीमंती नको होती. मला तो संयम हवा होता. आजही मला ती अक्षरं तितकीच सुंदर वाटतात. जे झालं त्याचा दोष त्यांच्या माथी मारायचा नाही, हे आधीच सांगतो.

गावी परत येऊन दुकान टाकलं तेव्हा आमच्याकडच्या पत्रिका मला डोळ्यांसमोर नकोशा व्हायच्या. चार कोपऱ्यांत वेली, दोन मोर, मध्ये गणपती, आणि एकेका ओळीला वेगळा फॉन्ट. असल्या पत्रिका मीच करत होतो. तशात ‘रोझा वन’ नावाचा फॉन्ट हाती लागला. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये काढला. देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं त्यात आहेत, जाडबारीक रेघांमधला फरक अगदी टोकाचा, आणि कुणालाही फुकट वापरता येतो. आपल्या लिपीतही हे होऊ शकतं हे पाहून मला किती आनंद झाला ते कसं सांगू! पुण्यातल्या पथारीवर जे पाहिलं होतं ते आता माझ्या संगणकावर मराठीत उभं होतं. हा फॉन्ट पोस्टरसारख्या मोठ्या मापाच्या कामासाठी आहे, असं करणाऱ्यांनी स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. मी नमुना पाहिला, वर्णन वाचलं नाही. सगळ्याची सुरुवात इथे झाली.

त्या हंगामात गावातले एक शेतकरी मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. वयाने मोठे, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. म्हणाले, “पत्रिका अशी पायजे की पाव्हण्यानं पाहतच राह्यलं पायजे. अन् आईले वाचता आली पायजे.” दोन वाक्यं बोलले. मी पहिलं तेवढं ऐकलं.

मी गडद मरून रंगाचं कोरं कार्ड निवडलं. वेली नाहीत, मोर नाही. वर छोटा गणपती, मध्ये वधूवरांची नावं, खाली सगळा मजकूर, आणि सगळं एकाच फॉन्टमध्ये, सोनेरी शाईत. नावं मोठ्या मापात होती. बाकीचा मजकूर, म्हणजे आजी, काका-काकी, मामा-मामी, आत्या, मुहूर्त, स्थळ, हे दहा पॉइंटच्या आसपास, कारण भोवती कोरी जागा राखायची होती. भाऊंना प्रूफ दाखवलं ते संगणकाच्या पडद्यावर, मोठं करून. पडद्यावर वेलांटीची कमान बोटाएवढी दिसत होती. भाऊ खूश झाले. कागदावर, खऱ्या मापात ते कसं दिसेल हे मी त्यांना दाखवलं नाही. मी स्वतःही पाहिलं नव्हतं.

पत्रिका तालुक्याच्या गावी एका प्रेसमध्ये स्क्रीन प्रिंटिंगने छापायची होती. तिथले काका पूर्वी कंपोझिटर होते, खिळे जुळवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मी लेझर प्रिंटरवर काढून नेलेलं ट्रेसिंग त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “याच्यात रेघ तुटून राह्यली. वेलांट्या जाळीत धरनार नाहीत. जाड कर, नाहीतर मोठं कर.” मी म्हणालो, “काका, ही डिझाइन अशीच असते. तुम्ही फक्त छापा.” ते आणखी काही बोलले नाहीत. छापून दिलं.

गठ्ठे भाऊंच्या घरी पोचले तेव्हा मीही हजर होतो. कौतुक ऐकायला गेलो होतो. भाऊंच्या आईने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला लागली. ‘श्री’ची कमान उडाली होती, तिथे ‘श्रा’ राहिला होता. पुढे निमंत्रकांच्या यादीत तिचं स्वतःचं नाव होतं, आधी ‘आजी’ असं लिहून. त्यातल्या वेलांटीची दांडी शिल्लक होती, कमान नव्हती. ती थांबली, पुन्हा वाचलं, आणि मुलाकडे पाहून म्हणाली, “आजा तर गेला. त्याले निमंत्रणात काहून टाकलं?”

कुणी हसलं नाही. वर्ष झालं नव्हतं आजोबांना जाऊन.

मग एकेक जण पत्रिका हातात घेऊन बघू लागला. मामींच्या जागी मामा, काकींच्या जागी काका. र्‍हस्व वेलांटीचंही तेच, ‘चि.’ची कमान गेल्यावर च च्या आधी एक सुटी दांडी उभी. ‘र’च्या पायाची निमुळती रेघ काही ठिकाणी नुसता ठिपका होऊन उरली होती. भाऊंनी मला विचारलं, हे कसं झालं. आणि मी म्हणालो, “प्रेसवाल्यानं शाई नीट दिली नाही.”

या सगळ्या हकिकतीतली खरी चूक हे वाक्य आहे. फॉन्ट चुकीच्या मापात वापरणं हे अज्ञान होतं. शिकलो असतो, सुटलं असतं. पण ज्या माणसाने ट्रेसिंग उजेडात धरून मला नेमकं काय होणार ते सांगितलं होतं, त्याच्यावर मी ते ढकललं. घाबरून बोलून गेलो असं स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. तेही खरं नाही. मला तेव्हा माझ्या डिझाइनवर डाग नको होता.

वेळ थोडा होता. भाऊंनी पुन्हा पैसे दिले आणि पत्रिका दुसऱ्या गावी छापायचं ठरलं. आता तरी मी मजकुराला साधा फॉन्ट लावायला हवा होता. मी हट्ट सोडला नाही. तोच फॉन्ट ठेवला आणि कोरेलड्रॉमध्ये प्रत्येक अक्षराला बाहेरून आउटलाइन दिली, म्हणजे बारीक रेघ जाड होईल. झालीही. कमानी सगळ्या उमटल्या. पण आउटलाइन बारीक रेघेपुरती थांबत नाही, ती चहूकडून वाढते. जी जागा रिकामी राहायला हवी ती भरून काढते.

देवनागरीत काही अक्षरांची ओळखच रिकाम्या जागेवर आहे. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्या बघा. भ, ध, थ यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ तुटलेली असते आणि तिथे एक लहानशी गाठ असते. ती फट बुजली, गाठ शाईने भरली, की भ चा म दिसतो आणि ध चा घ. आता लग्नाच्या पत्रिकेत सगळ्यात महत्त्वाचे शब्द कोणते? ‘शुभविवाह’ आणि ‘वधू’. दुसऱ्या छपाईत मजकुरातल्या ओळींमध्ये ते ‘शुमविवाह’ आणि ‘वघू’ झाले. तिसऱ्यांदा छापायला वेळही नव्हता आणि पैसाही. त्याच पत्रिका वाटल्या गेल्या. लग्न नीट लागलं, पाहुणे आले. पत्रिकेबद्दल भाऊ मला पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढच्या मुलाची पत्रिका त्यांनी माझ्याकडे केली नाही.

असं का झालं ते समजून घ्यायला मी नंतर आकडे मांडले. ते आधी मांडायला हवे होते, पाच मिनिटांचं काम होतं. दहा पॉइंटचं अक्षर म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटरची चौकट. बारीक रेघ त्या मापाच्या दोन टक्के धरली तर ती ०.०७ मिलिमीटर भरते. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४ मिलिमीटरचा. म्हणजे अख्खी रेघ दीड-दोन ठिपक्यांवर उभी. ती ट्रेसिंगवरच तुटते. त्यानंतर स्क्रीनच्या जाळीतून घट्ट सोनेरी शाई ढकलायची, तीही खरबरीत कार्डावर. रेघ उरणार कशी? तेच अक्षर ७२ पॉइंटला नेलं की रेघ अर्धा मिलिमीटर होते आणि ठसठशीत उमटते. वधूवरांची मोठी नावं दोन्ही वेळा सुंदर छापली गेली होती. उत्तर त्याच कागदावर समोर होतं.

खिळ्यांच्या काळात हे आपोआप सांभाळलं जायचं. प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरावा लागे, आणि लहान माप कोरताना कारागीर बारीक रेघ थोडी जाड ठेवी, अक्षराचं पोट थोडं मोठं करी. संगणकाने एकच आकृती सगळ्या मापांना ताणायची सोय दिली आणि ही काळजी आपल्या हातून सुटली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ती सोडली नाही. १९९२ मध्ये ‘हार्पर्स बझार’ मासिकाचं रूप बदललं तेव्हा जोनाथन हेफ्लर या अक्षरकाराने त्यांच्यासाठी दीदोचं वळण नव्याने काढलं, ते ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत सात मापांसाठी वेगवेगळं. त्यामुळे मोठ्या शीर्षकात आणि लहान ओळीतही रेघ बारीकच दिसते, पण तुटत नाही. त्या पानांच्या ज्या देखणेपणावर मी भाळलो होतो त्यामागे एवढं कष्टाचं काम होतं.

आणि कागद. बारीक रेघ आधी आली आणि कागद नंतर शोधला, असं झालेलं नाही. इंग्लंडमध्ये जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिलची कविता छापली तेव्हा त्याने गुळगुळीत नवा कागद वापरला, शाई जास्त काळी केली, छापलेली पानं तापल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबली. एवढं केल्यावर त्याची नाजूक अक्षरं उभी राहिली. तरीही त्याच्या अक्षरांनी वाचणाऱ्यांचे डोळे जातील अशी ओरड झालीच. बेंजामिन फ्रँकलिनने १७६० मध्ये त्याला लिहिलेल्या पत्रात अशी तक्रार करणाऱ्या एका गृहस्थाची गोष्ट आहे. फ्रँकलिनने त्या गृहस्थापुढे मुद्दाम कॅसलन या दुसऱ्याच अक्षरकाराच्या अक्षरांचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून ठेवला आणि त्याला त्यातही तेच दोष दिसले. ही गोष्ट वाचून मला काही दिवस फार धीर आला होता. माझ्यावर बोट ठेवणारेही असेच, असं वाटलं. पण त्या गृहस्थापुढचं अक्षर शाबूत होतं. भाऊंच्या आईपुढचं नव्हतं.

एवढ्यावरही मी शहाणा झालो नाही. मला वाटलं, आपल्या हाती चुकीचा फॉन्ट आला, योग्य तो आपणच काढावा. म्हणून रात्री दुकान बंद झाल्यावर मी स्वतःचा देवनागरी फॉन्ट काढायला बसलो. त्याला गावाचं नाव द्यायचं ठरवलं होतं. कृती सोपी वाटत होती: बोदोनीत उभी रेघ जाड आणि आडवी बारीक, तेच देवनागरीला लावायचं. दांड्या भक्कम केल्या आणि शिरोरेघ बारीक केली. एकेक सुटं अक्षर छान दिसायचं. शब्द लिहिला की विस्कटायचा. शिरोरेघ नजरेला पकडताच येईना, डोळ्यांत भरायची ती नुसती दांड्यांची रांग. काना, वेलांटी, अक्षराची स्वतःची दांडी, सगळ्या सारख्याच जाड. कुठला शब्द कुठे संपला तेही पटकन कळेना. मी महिनोन् महिने जाडी कमीजास्त करत राहिलो. मूळ विचारच चुकला आहे हे मनात आलं नाही.

ते कळलं मुंबईत, एका सुलेखनाच्या कार्यशाळेत. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी माझे नमुने पाहिले, काही न बोलता माझ्या हातात बोरू आणि सुरी दिली, आणि टोक तिरपं कापायला सांगितलं. त्या बोरूने मी पहिल्यांदा बाराखडी लिहिली. उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरपी रेघ आपोआप जाड येत होती, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. उभी दांडी आणि शिरोरेघ जवळपास एकाच जाडीच्या. रोमन अक्षरांच्या टाकाचा कल नेमका याच्या उलट असतो. देवनागरीतही जाडबारीक आहे, भरपूर आहे, पण ते तिच्या हातातून आलेलं आहे आणि त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मी ते इटलीतल्या छापखान्यातून आणून वरून चढवत होतो. म्हणून माझा शब्द उभा राहत नव्हता.

घरी आल्यावर आजीची शिवलीलामृताची पोथी काढली. कव्हर केव्हाच गेलेलं, कुठल्या छापखान्याची ते कळायला मार्ग नाही. लहानपणी ही पोथी मी शेकडो वेळा पाहिली होती आणि जुनाट म्हणून बाजूला सारली होती. त्या दिवशी भिंग घेऊन बसलो. मोठं माप, तिरपा जोरदार ठसा, जाड जिथे हवं तिथे जाड, आणि बारीक रेघही कंदिलाच्या उजेडात म्हातारीला दिसेल इतपत राखलेली. जाडबारीकाचा जो डौल मी परदेशी मासिकांत शोधत होतो तो आमच्या देवघरात तांबड्या फडक्यात बांधून ठेवलेला होता.

मग मराठी छपाईचा इतिहास वाचायला घेतला. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइप सुधारले, तिथेच जावजी दादाजी पोरवयात कामाला लागले आणि पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या सुबक अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. हा माणूस पोलादावर एकेक अक्षर उलटं कोरत असे. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरीच्या मुद्राक्षरांवर मोठा ग्रंथ लिहिला. ही नावं मला डीटीपीचा कोर्स करताना कुणी सांगितली नव्हती, पण मीही कधी विचारलं नव्हतं. बोदोनीच्या बायकोने काय केलं ते मला माहीत होतं आणि आरूंचं नावही माहीत नव्हतं.

आणखी मागे गेलो तर गोष्ट आमच्या जिल्ह्यातच येऊन थांबते. वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. १९३९ मध्ये वाशीमला विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट सापडला आणि त्यामुळे वाकाटकांची वत्सगुल्मची शाखा इतिहासाला ठाऊक झाली. वा. वि. मिराशींनी या घराण्यावर आयुष्यभर काम केलं. वाकाटकांच्या लेखांतली ब्राह्मी पेटिकाशीर्षक म्हणून ओळखली जाते: प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी. राजाज्ञेचं अक्षर साध्या अक्षराहून वेगळं, भारदस्त दिसावं म्हणून केलेली ती योजना असावी, असं मला वाटतं. दीड हजार वर्षांपूर्वी आमच्या या मुलखातल्या दरबारात अक्षर देखणं असण्याची फिकीर होती. त्या पेट्या तांब्यावर छिन्नीने सहज उठतील अशाच आहेत. ज्याने त्या आखल्या त्याला तांबं आणि छिन्नी दोन्ही ठाऊक होतं. मला माझं कार्ड आणि माझी शाईसुद्धा ठाऊक नव्हती.

लहान चुका आणखी पुष्कळ आहेत. सुरुवातीची काही वर्षं मी चोरीचे फॉन्ट वापरले. गावाकडे सगळे वापरतात, हे काही उत्तर नव्हे. पाकळीचा मराठी ल सोडून हिंदी वळणाचा दांडीचा ल किती कामांत छापला गेला त्याचा मी हिशेब ठेवला नाही. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी आहेत, हे मला फॉन्ट निवडताना सुचायचंच नाही. आता तेवढं तरी सोपं झालं आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फुकट मिळतो आणि लहान मापात स्वच्छ वाचता येतो. ‘तिरो देवनागरी’ तर हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी वेगवेगळा केलेला आहे, त्यात आपली वळणं जागेवर आहेत, आणि त्याचं जाडबारीक बोरूच्या जातीचं आहे.

प्रेसच्या काकांकडे जायला मला फार उशीर झाला. गेलो तेव्हा ते खिळ्यांचे जुने केस भंगारात द्यायला काढत होते. मी सगळं सांगितलं, भाऊंना काय बोललो तेही. त्यांनी एक झिजलेला खिळा माझ्या हातावर ठेवला. त्यातल्या अक्षराची बारीक रेघ जवळजवळ संपली होती, जाड भाग तसाच होता. म्हणाले, “झिजते ते आधी हेच. म्हणून म्हणलं होतं तुले. अन् हे मले सांगून काय होते? ज्याले सांगतलं होतं त्याले जाऊन सांग.”

मी भाऊंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या छपाईचे पैसे मी पुढे केले ते घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. मग म्हणाले, “तुह्यावर भरोसा ठेवून मी चार लोकाइले सांगतलं होतं, त्या प्रेसमंधी जाऊ नका.” त्या चौघांनी आणखी किती जणांना सांगितलं असेल, त्या प्रेसची किती कामं गेली असतील, ते आता भरून काढता येणार नाही. मी माझ्याकडची छपाई पुन्हा तिथे द्यायला लागलो. त्याने हिशेब फिटत नाही.

माझा फॉन्ट अर्धवट पडून आहे. शिरोरेघ पुन्हा भक्कम केली, सगळी अक्षरं बोरूने लिहून मग काढायला घेतली. काम सावकाश चालतं. रोझा वन मी आजही वापरतो, वधूवरांच्या नावांना, मोठ्या मापात. तिथे त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. आजी, काकी आणि मामी साध्या, ठसठशीत अक्षरात. ट्रेसिंग काढलं की ते घेऊन काकांच्या खिडकीशी जातो.

तुमच्या घरी कार्य निघालं तर एवढं करा. पत्रिकेचं प्रूफ मोबाइलवर पाहून ‘ओके’ म्हणू नका. ज्या कागदावर, ज्या शाईत, ज्या मापात ती छापायची आहे, तशी एक प्रत हातात मागा. दुकानदार कुरकुर करील, मीही करायचो. तरी मागा, आणि ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या.